युनियन टर्मिनलमध्ये अर्धा दिवस: दालने पाहावीत की घुमटातला चित्रपट?

ओहायोतील सिनसिनाटी शहरी मुलांना किंवा भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे युनियन टर्मिनलच्या, म्हणजे आता संग्रहालय असलेल्या जुन्या रेल्वे स्थानकाच्या, तिकीटखिडकीशी एक प्रश्न हमखास उभा राहतो. हाताशी तीन-साडेतीन तासच असताना संग्रहालयाची दालने पाहावीत, की तेथील ऑम्निमॅक्स या घुमटाकार पडद्याच्या चित्रपटगृहातला चित्रपट? माझे मत आधीच सांगतो: एकच निवडायचे असेल तर दालने निवडावीत. मात्र काही जणांच्या बाबतीत हा निर्णय उलटा घेणेच योग्य ठरते, म्हणून दोन्ही बाजू नीट पाहायला हव्यात.

त्याआधी इमारतीविषयी सांगायला हवे, कारण ती पाहायला तिकीट लागत नाही. १९३३ साली सुरू झालेले हे स्थानक दिवसाला २१६ गाड्या आणि १७,००० प्रवासी हाताळता यावेत अशा बेताने बांधले होते. पण विमाने आणि मोटारी यांच्यापुढे रेल्वेचा प्रवास घटत गेला आणि १९७२ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे काही वर्षे येथे बाजारसंकुल चालले आणि १९९० मध्ये संग्रहालय आले. मुख्य सभागृहाच्या अर्धघुमटाखाली चित्रकार विनोल्ड राइस यांची दोन प्रचंड भित्तिचित्रे आहेत. ती जवळून पाहावीत. माणसांच्या आकृती काचेच्या बारीक तुकड्यांनी घडवलेल्या असून मधली पार्श्वभूमी रंगीत गिलाव्याची आहे, त्यामुळे दुरून सपाट वाटणारा चेहरा जवळ गेल्यावर शेकडो छटांत फुटतो. या अर्धघुमटाच्या दोन टोकांना पिण्याच्या पाण्याच्या जागा आहेत. एका टोकाला भिंतीकडे तोंड करून कुजबुजले की तो आवाज कमानीवरून दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या कानी पोहोचतो. मुले येथून हलायला तयार होत नाहीत, तेव्हा ही दहा-पंधरा मिनिटे हिशेबात धरावीत.

दालनांचे खरे बळ असे की त्यांतील बराच भाग त्याच मातीतला आहे. सिनसिनाटीच्या परिसरातील चुनखडीत सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातील जीवांचे जीवाश्म इतके विपुल सापडतात की भूशास्त्रज्ञांनी त्या कालखंडातील खडकांना या शहराचेच नाव दिले आहे. डायनोसॉर दालनात सुमारे ६० फूट लांबीचा गॅलिॲमोपस आणि मांसाहारी टॉर्व्होसॉरस यांचे सांगाडे उभे आहेत. चुनखडीच्या गुहेची प्रतिकृती मुलांना फार आवडते, पण वाटा अरुंद आणि अंधाऱ्या असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

माझ्या मते सर्वांत अधिक वेळ द्यावा तो इतिहास विभागातील शहराच्या प्रतिकृतीला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून चाळीसच्या दशकापर्यंतचे सिनसिनाटी तेथे मूळ आकाराच्या चौसष्टाव्या भागाइतके करून मांडले आहे आणि त्यात ट्रामगाड्या, रेल्वेगाड्या, टेकड्यांच्या चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाड्या प्रत्यक्ष चालू असतात. आपण ज्या स्थानकात उभे आहोत तेच स्थानक त्या प्रतिकृतीत सापडते, हा अनुभव दुसऱ्या शहरात मिळणार नाही.

चित्रपटाची बाजू वेगळी आहे. ऑम्निमॅक्सचा सुमारे पाच मजली पडदा समोर नसतो, तर डोक्यावरून वळत जातो. या पद्धतीच्या मूळ तंत्रात ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी धावते आणि एकेका चौकटीला कडेची १५ छिद्रे लागतात, म्हणजे चाळीस मिनिटांच्या चित्रपटाला चार किलोमीटरहून अधिक फिल्म हवी. एवढ्या मोठ्या चौकटीमुळेच इतक्या विशाल पडद्यावरही चित्र फुटत नाही. दृश्य नजरेच्या कडांपर्यंत भरून राहिल्यामुळे दरीवरून उडणारा कॅमेरा खाली झुकला की प्रेक्षक खुर्चीचा हात घट्ट धरतो. ज्यांनी मुंबईत वडाळ्याच्या आयमॅक्स घुमटात चित्रपट पाहिला असेल, त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. घुमटाची एक मर्यादाही आहे: पडद्याच्या एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूवर पडत असल्याने काळोखी दृश्ये काहीशी फिकी दिसतात. समुद्र, हिमनद्या, आकाश हे विषय येथे खुलतात. माणसांच्या मुलाखतींनी भरलेला चित्रपट मात्र येथे पाहण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय असे चित्रपट इतर शहरांतील घुमटांतही लागतात.

आता निर्णय उलटा कधी घ्यावा, ते सांगतो. सोबत सत्तरीतील आईवडील असतील, त्यांना फार चालवत नसेल आणि इंग्रजी फलक वाचून दाखवणारे कोणी सतत जवळ नसेल, तर चित्रपटच घ्यावा. निवेदन इंग्रजीत असले तरी दृश्यांवरून आशय पोहोचतो आणि पाऊण तास निवांत बसणे होते. चित्रपटगृहातील पायऱ्या उंच असतात, म्हणून अंधार होण्याआधी पोहोचावे. उलट ज्यांना गाडी लागते किंवा भोवळ येते त्यांनी घुमट टाळावा. जायचेच असेल तर मागच्या रांगेत मध्यभागी बसावे आणि गरगरल्यास थोडा वेळ डोळे मिटावेत. चार-पाच वर्षांच्या मुलांना अचानक येणारा मोठा आवाज झेपत नाही. त्यांच्यासाठी त्याच इमारतीतील बालसंग्रहालय अधिक बरे.

तिकीट दोन्हींचे काढायचे ठरलेच, तर चित्रपटाचा शेवटच्या तासातला खेळ घ्यावा. दालने आपल्या वेगाने पाहता येतात, खेळ मात्र ठरल्या वेळीच सुरू होतो; तो आधी ठेवला की सांगाड्यांसमोर उभ्या मुलाला ओढून न्यावे लागते.