स्क्रूच्या पाकिटातला तो बिनआट्यांचा नट: कॅबिनेटचा सात-आठ महिन्यांचा अनुभव

कॉम्प्युटरचं कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग बसतात तो बाहेरचा डबा, घेऊन सात-आठ महिने झाले. मिड टॉवर म्हणजे मध्यम उंचीचं उभं, समोर जाळी, बाजूला काच, चार हजारांच्या आतबाहेरचं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून उचललेलं. ग्रुपवर दोघातिघांनी विचारलं होतं कसं चाललंय म्हणून लिहितोय, पण पंखे फिरतायत, काच फुटलेली नाही, यापुढे त्यावर काय लिहिणार. खरं लिहिण्यासारखं आहे ते कॅबिनेटसोबतच्या स्क्रूच्या पाकिटातून आलेल्या एका नखाएवढ्या तुकड्याबद्दल, कारण मधल्या काळात मी मदरबोर्ड (सगळे भाग जोडले जातात ती मुख्य पाटी) बदलला आणि सगळ्यात जास्त कामाला तोच आला.

तुकडा कसा दिसतो ते सांगतो म्हणजे तुमच्या पाकिटात असेल तर सापडेल. एका बाजूने षटकोनी खोलगट भोक, आरपार नाही. उलटा केला की त्याच्या माथ्यावर फुलीची खाच, स्टार स्क्रू ड्रायव्हर बसतो तशी. आणि आटे कुठेच नाहीत, आत नाहीत नि बाहेरही नाहीत. म्हणजे नट म्हणावा तर आटे नाहीत, स्क्रू म्हणावा तर दांडी नाही. कंपनीचं मॅन्युअल म्हणजे एक घडी घातलेला कागद, त्यात स्क्रूंची छोटी छोटी चित्रं नि पुढे ए, बी, सी, आणि नेमकं याचंच चित्र गायब. आईने हातात घेऊन बघितलं नि म्हणाली, "अरे मिक्सरचं काही पडलंय का बघ आधी." आतेभाऊ म्हणाला दादा एक्स्ट्रा आलाय, टाकून दे.

टाकू नका. तो स्टँडऑफ बसवायचा सॉकेट आहे, कुणी स्टँडऑफ अडॅप्टर म्हणतं. स्टँडऑफ म्हणजे मदरबोर्डच्या खाली असतात ते पितळेचे षटकोनी खुंट, खालून आटे असलेली दांडी आणि वरून आटे असलेलं भोक. बोर्ड मागच्या पत्र्यापासून सहा-साडेसहा मिमी वर उचलून धरायचं काम त्यांचं, नाहीतर बोर्डाच्या मागच्या सोल्डरच्या टोकांना पत्रा लागला की शॉर्ट. आता हे खुंट पत्र्यात फिरवायचे कसे, बोटाने थोडे फिरतात मग बोट दुखतं, पक्कड लावली की पितळेच्या कडा खरवडतात. म्हणून हा सॉकेट खुंटावर टोपीसारखा घालायचा, वरच्या फुलीत साधा स्टार स्क्रू ड्रायव्हर लावायचा आणि फिरवायचं. बास, एवढंच. वेगळा पान्हा घ्यायला नको म्हणून कंपनीने दिलेली ही काही रुपयांची सोय, पण सांगायचं कुणाला सुचलं नाही.

बोर्डांची मापं ठरलेली असतात. माझा पहिला बोर्ड मायक्रो एटीएक्स मापाचा होता, २४४ बाय २४४ मिमी, नंतर घेतला तो फुल एटीएक्स, ३०५ बाय २४४. रुंदी तीच पण उंची वाढते, त्यामुळे वरच्या दोन ओळींचे खुंट आहेत तिथेच चालतात, सगळ्यात खालची ओळ मात्र काढून खाली न्यायला लागते. फुल एटीएक्सला बहुतेक वेळा नऊ भोकं असतात. आणि इथे एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, जुन्या जागेवरचा एकही खुंट विसरून राहता कामा नये. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे खाली पितळ टेकलं तर ते सरळ ट्रॅकवर (वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या रेघांवर) किंवा सोल्डरवर टेकतं. भोकाभोवती जी चांदीसारखी गोल चकती असते ती स्क्रूसाठीच ठेवलेली आणि ग्राउंडला जोडलेली असते, तिथे लागलं तर काही होत नाही, बाकी कुठेही लागलं तर पीसी चालू न होण्यापासून बोर्ड जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. बोर्ड ठेवायच्या आधी भोकं मोजा, खुंट मोजा, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

जुना बोर्ड काढताना खरी गंमत. वरचा स्क्रू फिरवला की स्क्रू सुटायच्या ऐवजी खालचा खुंटच पत्र्यातून सुटून स्क्रूसकट वर येतो, म्हणजे स्क्रू नि खुंट यांची पकड पत्र्यापेक्षा घट्ट. ज्यांनी पीसी उघडलाय त्यांना हे माहीतच असेल. मग बोर्ड तिरका करून त्या स्क्रू-खुंटासकटच बाहेर काढा, खालून सॉकेटमधे खुंट पकडा, वरून स्क्रू सोडवा... यात सॉकेटचा उपयोग अर्धाच होतो, शेवटी सॉकेट बाहेरून पकडीत धरावा लागतो. पण पकडीचे दात पितळेला लागत नाहीत हे काय कमी आहे. हे टाळायचं असेल तर खुंट आधी सॉकेटने नीट बसवा आणि बोर्डाचे स्क्रू मात्र हलक्या हाताने, टेकले की थोडंसं अजून, बस. माझ्या कॅबिनेटचा पत्रा इतका पातळ आहे की भोकात जेमतेम दोन-तीन आटे असतील, जोर लावला की आटे गेलेच.

आट्यांवरून आठवलं, पाकिटात दोन जातीचे स्क्रू असतात आणि दुकानदार काही सांगत नाही. जाड आट्यांचा तो ६-३२, इंची मापाचा, साडेतीन मिमी जाड आणि इंचाला ३२ आटे. बारीक आट्यांचा तो एम थ्री, तीन मिमी जाड, इंचाला साधारण ५१ आटे पडतात. पॉवर सप्लाय आणि साडेतीन इंची हार्ड डिस्कला ६-३२, अडीच इंची एसएसडीला एम थ्री. बोर्डाला यातला कोणता ते खुंटावर अवलंबून आणि बऱ्याच कॅबिनेटमधे खुंटाची खालची दांडी ६-३२ पण वरचं भोक एम थ्री असतं. हाताने दोन-तीन फेरे सहज गेला तर बरोबर, पहिल्याच फेऱ्याला अडला तर थांबा, आणि सैल लडबडला तर तो एम थ्री आहे जो चुकीच्या भोकात गेलाय.

पाकिटातले बाकीचे अनोळखी लोकही सांगून टाकतो. एक खुंट असा असेल ज्याच्या डोक्यावर भोकाऐवजी टोकदार खुंटी आहे, तो मधल्या जागी बसतो, बोर्ड त्यात अडकवला की बाकीची भोकं आपोआप समोर येतात, त्याला स्क्रू लागत नाही. काळी गोल डबी आणि तिला दोन वायर, टोकाला चार भोकांचं कनेक्टर, तो बजर. बोर्डावर स्पीकर लिहिलेल्या चार पिनांवर लावायचा. डिस्प्ले येत नसेल तेव्हा रॅम की ग्राफिक्स कार्ड हे त्याच्या बीपवरून कळतं, कोणती बीप कशाची ते मात्र बोर्डाच्या मॅन्युअलमधे बघा, प्रत्येकाचं वेगळं.

सॉकेटबद्दल तक्रारी आहेतच. स्वस्त धातूचा आहे, फुलीची खाच आता थोडी झिजलीय. चुंबकाला चिकटत नाही त्यामुळे ड्रायव्हरवरून घसरून पॉवर सप्लायच्या खोबणीत पडतो नि मग टॉर्च लावून शोधा. कोपऱ्यातल्या खुंटापाशी वरचा पंखा आडवा येतो, तिथे आखूड ड्रायव्हर लागतो.

कॅबिनेटचं म्हणाल तर समोरची जाळी मुंबईच्या धुळीला पुरत नाही, महिन्यातून एकदा तरी ब्रश मारावा लागतो, आणि मागे केबल लपवायला जागा इतकी कमी की मदरबोर्डला वीज देणारी २४ पिनची जाड केबल दाबून झाकण लावावं लागतं. पंखे आवाज करत नाहीत. वरचं यूएसबी एक सैल झालंय. चार हजारात चालतंय.

सॉकेट हरवला असेल किंवा आलाच नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात नट ड्रायव्हर मागा. माझ्या खुंटांना ५ मिमीचा बसतो, तुमचे समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधे मोजून घ्या, सगळ्यांचे एकाच मापाचे नसतात. आणि मुठीचाच घ्या, लांब दांड्याच्या पान्ह्याने जोर किती लागतोय ते हाताला कळत नाही.