पिकअप घरी धुवायची की सेंटरला टाकायची?

चुलतभावाने नवीन बोलेरो पिकअप घेतली. दसऱ्याच्या आठ दिवस आधी त्याचा फोन आला, "दादा, प्रेशर वॉशर घेऊ का? सात-आठ हजारांत मिळतोय." मी विचारलं, "गाडीत काय भरतोस?" तो म्हणाला, "त्याचा काय संबंध?"

सगळा संबंध त्याचाच. पिकअप ही कारसारखी बॉनेटवरून जुनी होत नाही, ती हौद्याच्या कोपऱ्यांतून आणि चेसिसच्या खालून सडत जाते. धुण्यावर पैसा आणि पाणी कुठे घालायचं, हे त्यावरून ठरवायचं.

टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्याच्या हौद्यात आंबट रस झिरपतो. कांदा वाहणाऱ्याला कुजक्या कांद्याचा वास आणि सालपटांचा चिखल नेहमीचाच. हे दोन्ही त्या दिवशी साध्या पाण्याने निघून जातं. जनावरं नेली असतील तर शेण-मूत लगेच धुवावं लागतं, कारण मुतातले क्षार पत्र्याला खातात. सगळ्यात वाईट खत आणि मासळी. पोटॅश म्हणजे बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराईड, मिठाचाच भाऊ. फाटलेल्या गोणीतून सांडलेलं मूठभर खत पावसाच्या पाण्यात विरघळून फटीत बसलं की तिथला रंग फुगायला लागतो. किनाऱ्यावर बर्फातली मासळी वाहणाऱ्या गाड्यांचं तर खारं पाणी रोजच हौद्यातून चेसिसवर गळतं. अशा मालकाने महिन्यातून एकदा भारी वॉशिंग करण्यापेक्षा रोज चार बादल्या गोडं पाणी ओतलेलं बरं.

आता पर्याय बघू.

बादली, मग आणि फडकं

हसू नका, वरच्या भागासाठी याच्याइतकं चांगलं काही नाही. 20 लिटरच्या चार-पाच बादल्यांत, म्हणजे 80 ते 100 लिटरमध्ये केबिन, दारं आणि हौद्याची बाहेरची बाजू निघते. तेच अर्ध्या इंची पाइप लावून, नळ चालू ठेवून धुतलं तर मिनिटाला 15 लिटर धरले तरी वीस मिनिटांत 300 लिटर जातात. मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावात तसं करून बघा, शेजारीच बोलतील.

बादली दोन घ्यायच्या, एक साबणाची आणि एक फडकं खळाळायची. एकाच बादलीत काम केलं की निघालेली माती पुन्हा फडक्यावर चढते आणि गाडीवर बारीक गोल ओरखडे उठतात. पांढऱ्या गाडीवर ते लपतात, काळ्या-लालवर उन्हात लगेच दिसतात. जुनं बनियन चालतं, मायक्रोफायबर जास्त चांगलं. हौद्यासाठी मात्र खराटाच.

काळ्या रानातून आलेल्या गाडीला आधी घासायचं नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की सिमेंटसारखी धरते. आधी भिजवायची, दहा मिनिटं थांबायचं, मग वरून खाली यायचं. आणि हे सगळं सावलीत. तापलेल्या बॉनेटवर बोअरचं पाणी पडलं की ते जागीच वाळतं आणि क्षाराचे पांढरे ठिपके उमटतात. म्हणून धुवून झाल्यावर पुसायचा कंटाळा करू नका. ठिपके पडलेच तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून पुसा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा.

साबणाबद्दल एकच सांगतो. कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते, ती तेल सोडवते तसं गाडीवरचं वॅक्सही सोडवते. हौद्याला वापरलीत तरी चालेल, रंगाला नको. रंगाला कार शाम्पू, तोही बाटलीवर सांगितलाय तेवढाच.

प्रेशर वॉशर

घरगुती मशीन साधारण 1,400 ते 1,800 वॉटचं, 100 ते 130 बार दाबाचं. पाणी मिनिटाला सहा लिटरच्या आसपास, म्हणजे वीस मिनिटांत 120 लिटर. वीज अर्धा-पाऊण युनिट. हिशेबात हा पर्याय चांगलाच दिसतो. फोम गन लावली की पोरंसोरंही आनंदाने गाडी धुतात, हा फायदा वेगळाच.

घोळ दुसरीकडे आहे. स्वस्त मशीनमध्ये कार्बन ब्रशची मोटर असते. ती कानठळ्या बसवते आणि सलग अर्धा तास चालवली तर तापते. टाकीतला किंवा बोअरचा गाळ आत गेला की पंप लवकर खराब होतो, म्हणून इनलेटला गाळणी हवीच. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर ते चालत नाही. रोज वापरायचं असेल तर इंडक्शन मोटरचं जड मशीन घ्या, किंमत जास्त पडते पण टिकतं.

धार गाडीपासून किमान फूटभर लांब ठेवायची. टायरच्या बाजूच्या भिंतीवर जवळून मारायची नाही, रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर नाही, चाकाच्या बेअरिंगच्या सीलवर नाही. बॉनेट उघडून इंजिनावर तर अजिबात नाही. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांमध्ये सेन्सर आणि वायरिंग जास्त आहे. एका कनेक्टरमध्ये पाणी गेलं की डॅशवर दिवा लागतो आणि मेकॅनिककडे अर्धा दिवस जातो. इंजिन थंड असताना ओल्या फडक्याने आणि ब्रशने पुसावं.

ज्यांच्याकडे एचटीपी आहे त्यांनी इथे थांबा

द्राक्ष, डाळिंब किंवा टोमॅटोवाल्यांच्या घरी फवारणीचा एचटीपी पंप असतोच. त्याचा दाब वॉशरइतका नसतो, 20 ते 40 किलोच्या (साधारण तितक्याच बारच्या) घरात, पण पाणी दुप्पट-तिप्पट येतं. चिखल काढायला दाबापेक्षा पाणीच जास्त कामाला येतं. म्हणजे वेगळा वॉशर घ्यायची गरज नाही.

पण एक अट आहे आणि ती मोडायची नाही. टाकी, पाइप आणि गन आधी दोन-तीन पाण्यांनी पूर्ण धुवून घ्या. मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) उरलेलं पाणी पत्र्याला गंज आणतं आणि कीटकनाशकाचा अंश हौद्यात राहिला तर दुसऱ्या दिवशी त्याच हौद्यात तुम्ही कोथिंबीर भरणार आहात. शक्य असेल तर धुण्याची गन आणि पाइप वेगळेच ठेवा.

अजून एक अनुभवाचं सांगतो. माझ्या फाळक्यावर रेडियममध्ये 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहिलं होतं. एचटीपीची धार जवळून लागली आणि 'आई' उडून गेली. घरी पंधरा दिवस ऐकून घेतलं. तेव्हापासून रेडियमवर हाताने फडकं.

वॉशिंग सेंटर

आमच्या भागात पिकअपला 300 ते 500 रुपये घेतात, ग्रीसिंग धरून थोडे जास्त. हे पैसे चकाकीसाठी द्यायचे नाहीत, रॅम्पसाठी द्यायचे. घरी जमिनीवर उभ्या गाडीच्या खाली तुम्ही कितीही वाकलात तरी चेसिसच्या आतल्या बाजूचा, पाट्यांमधला (लीफ स्प्रिंगमधला) आणि इंधन टाकीच्या वरचा चिखल दिसत नाही. तो ओला राहतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. रॅम्पवर गाडी वर गेली की पाच मिनिटांत सगळं उघडं पडतं. पाट्याचं एखादं पान तुटलंय का, कुठून तेल गळतंय का, हेही त्याच फेरीत दिसतं. म्हणून गाडी पोराच्या हाती सोडून चहाला जाऊ नका, खाली उभं राहून बघा.

धुणं झालं की ग्रीस हवंच. जोराच्या पाण्याने चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसमधलं (सांध्यातलं) आणि पाट्यांच्या पिनांमधलं ग्रीस धुपतं. नुसतं खालून धुवून ग्रीस न मारणं हे न धुण्यापेक्षा वाईट. निप्पलमधून नवं ग्रीस भरत सांध्याच्या कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायला सांगा.

काही ठिकाणी शेवटी "खालून डिझेल मारू का?" असं विचारतात. चमक येते म्हणून लोक हो म्हणतात. डिझेलने रबराचे बुश फुगतात आणि त्यावर धूळ चिकटून थर बसतो. सरळ नाही म्हणा. परत निघताना पहिल्या अर्ध्या किलोमीटरात दोन-चारदा हलका ब्रेक मारून ब्रेक सुकवा, उतारावर जाईपर्यंत थांबू नका.

सेंटर लांब असेल तर एक देशी उपाय आहे. तुषार सिंचनाचा एक नोझल गाडीखाली ठेवा, दहा मिनिटं चालवा, गाडी दोन फूट पुढे घ्या, पुन्हा चालवा. रॅम्पची सर येत नाही, पण माती सुटते.

हौदा आणि केबिन

रबरी मॅट टाकली असेल तर ती धुताना उचला. मॅटखाली अडकलेलं पाणी उघड्या पत्र्यापेक्षा जास्त नुकसान करतं. प्लायवूड टाकणाऱ्यांचंही तेच. कोपऱ्यातली पाणी जायची भोकं सायकलच्या स्पोकने मोकळी करा, दारांच्या खालच्या कडेची भोकंही. जिथे रंग उडून पत्रा दिसतोय तिथे पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साईड प्रायमर आणि वर रंग, शंभर-दोनशे रुपयांत काम होतं. कुठल्याही पॉलिशपेक्षा यात गाडीचं आयुष्य जास्त वाढतं.

केबिनमध्ये पाणी ओतू नका, मॅटखालून वायरिंग जातं. पंक्चरवाल्याच्या हवेने धूळ उडते खरी, पण ती एसीच्या जाळीत जाऊन बसते. ओलसर फडकं आणि जुना रंगाचा ब्रश पुरतो. डॅशबोर्डला चमकीचं पॉलिश लावाल तर उन्हात काचेत प्रतिबिंब पडतं, आणि स्टिअरिंग आणि पेडलला तर ते लावूच नका.

वॅक्स की सिरॅमिक

माल वाहणाऱ्या गाडीला सिरॅमिक कोटिंग म्हणजे म्हशीला पैठणी. पाणी त्यावरून घरंगळतं, धुणं सोपं होतं, हे खरं. पण क्रेटचा ओरखडा किंवा घाटातला उडालेला खडा ते अडवत नाही. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखी महागडी पिकअप स्वतःसाठी फिरवायला घेतली असेल तर जरूर करा. बाकीच्यांनी दोन-तीन महिन्यांतून एकदा केबिनला साधं वॅक्स लावावं. खंडेनवमीला बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढाल ते दुसऱ्या दिवशी सकाळीच पुसा, आठवडाभर ठेवलं तर डाग राहतो.

मग काय करायचं?

एक गाडी, भाजीपाल्याचा माल, घरी पाणी बेताचं असेल तर दर आठवड्याला बादली, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा सेंटर. भर पावसात कच्च्या रस्त्यावर चालत असेल तर मध्ये दर महिन्याला. खत, जनावरं किंवा मासळी असेल तर त्याच दिवशी हौद्यात पाणी, आणि दर पंधरवड्याला रॅम्प. तीन-चार गाड्या असतील, घरी टाकी आणि पक्कं अंगण असेल तर इंडक्शन मोटरचा वॉशर घ्या, तो दीड-दोन वर्षांत फिटतो. एचटीपी असेल तर फक्त वेगळी गन आणि पाइप. धुण्याचं पाणी विहिरीकडे उतरत नाही ना, तेवढं आधी बघून ठेवा.

चुलतभावाकडे एचटीपी निघाला. सात हजार वाचले. त्यातल्या काही रुपयांची हाताची ग्रीस गन घेतली, आणि बाकीचे कुठे गेले ते वहिनीने अजून सांगितलेलं नाही.