पालेभाजीसाठी शून्य ऊर्जा शीतकक्ष: उन्हाळ्यात उत्तम, पावसाळ्यात निरुपयोगी

बेळगावजवळच्या कडोली परिसरात दुपारनंतर काढलेली मेथी आणि कोथिंबीर बाजारात पोहोचते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तोवर बाहेरची पाने पिवळी पडली असतील तर पेंढीचा भाव तिथेच उतरतो. ही मधली रात्र निभावण्यासाठी आम्ही शेतात, झाडाच्या सावलीत, शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधून घेतला.

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली ही रचना गावच्या गवंड्याला एकदा सांगितली की समजते: विटांच्या दोन भिंती, त्यांमधील सुमारे 7.5 सेंटिमीटर पोकळीत वाळू आणि वर बांबूच्या चौकटीचे गोणपाट लावलेले झाकण. वाळू व गोणपाट सकाळ-संध्याकाळ भिजवले की बाष्पीभवनामुळे आतील हवा थंड होते आणि आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास राहते. विटांपेक्षा वाळू मिळवणेच आजकाल जड जाते, ही गोष्ट वेगळी.

खुडलेल्या पानाचे श्वसन थांबत नाही. तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, पानातील साखर संपत जाते, हरितद्रव्याचे विघटन होते आणि मुळातच पानात असलेली पिवळी रंगद्रव्ये दिसू लागतात. म्हणूनच मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात या कक्षाचा फरक ठळक जाणवतो: रात्रभर आत ठेवलेली मेथी सकाळी ताठ आणि हिरवी निघते, तर पडवीत ओल्या पोत्याखाली ठेवलेली मलूल झालेली असते. मात्र पाणी भिंतींवर मारावे, पेंढ्यांवर नव्हे. भिजलेली कोथिंबीर पिवळी पडण्याआधीच कुजते. टोमॅटोचे क्रेट जागा आहे म्हणून आत सरकवण्याचा मोहही टाळावा, कारण पिकणाऱ्या टोमॅटोतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पालेभाजी लवकर पिवळी होते.

पालेभाजीला खरे तर शून्य अंशाजवळचे तापमान मानवते आणि तिथवर हा कक्ष कधीच पोहोचत नाही, त्यामुळे चार-पाच दिवस माल रोखून धरण्याच्या अपेक्षेने तो बांधू नये. जूनपासून आपल्याकडील हवाच इतकी दमट असते की बाष्पीभवन जवळपास थांबते आणि कक्ष नुसता ओला हौद होऊन राहतो. ज्यांची भाजी पहाटे काढून थेट बेळगावच्या बाजारात जाते, त्यांना हा खर्च करण्याची गरज नाही. दुपारी तोडणी करून गोव्याच्या गाडीसाठी माल थांबवणाऱ्यांनी मात्र तो उन्हाळ्यापूर्वी अवश्य बांधावा.