कानबाईच्या जागरणाला बोलावलेले महिला भजनी मंडळ

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी धुळ्यात देवपुरातील आमच्या घरी खानदेशची लोकदेवी कानबाई बसते. नव्या सुनांना गाणी येत नाहीत आणि ज्या जावांना येतात त्या रोटांच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पुरणात अडकलेल्या असतात, म्हणून या वर्षी जागरणासाठी शेजारच्या कॉलनीतील महिला भजनी मंडळाला बोलावले. प्रसिद्धी नको, असे त्यांच्या प्रमुख काकूंनी सांगितल्यामुळे मंडळाचे नाव देत नाही.

त्या रात्री मंडळाला तीन घरे होती आणि काही जणींच्या स्वतःच्या घरी कानबाई बसलेली होती. त्यामुळे बावीसपैकी तेराच जणी आल्या, त्याही तासभर उशिरा. समोरासमोर दोन ओळी करून त्या बसल्या. एका ओळीने गाणे उचलायचे आणि दुसरीने ते झेलायचे, ही जागरणाची जुनी रीत त्यांनी पाळली, हे मला आवडले.

चहा घेताना काकूंनी मंडळाची हकीकत सांगितली. विठ्ठल मंदिरात हरिपाठाला येणाऱ्या एका आजींपासून ते सुरू झाले. आजींना अक्षरओळख नव्हती, पण अभंग, गौळणी आणि कानबाईची अहिराणी गाणी तोंडपाठ होती. त्या होत्या तोवर वहीची गरजच पडली नाही. त्यांच्यानंतर धुरा एका निवृत्त शिक्षिकेकडे गेली. त्यांनी आजींच्या शेवटच्या दोन वर्षांत रोज दुपारी त्यांच्याजवळ बसून गाणी उतरवून घेतली होती, आणि मंडळात पेटीही त्यांनीच आणली. पुढे गुडघ्यांमुळे खाली बसणे जमेना, तेव्हा बाईंनी पेटी एका ताईंकडे सोपवली आणि प्रमुखपण या काकूंकडे दिले. काकू तोवर मागच्या ओळीत टाळ वाजवत असत. आवाज सर्वांत गोड पेटीवाल्या ताईंचा आहे, हे मंडळात सर्वांना ठाऊक आहे, काकूंना तर अधिकच. परंतु अहिराणी गाण्यांच्या चाली काकूंना माहेरापासून येतात आणि कोणाचा श्वास कुठे तुटतो हेही त्यांना नेमके माहीत असते.

ती वही मी पाहिली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती एकुलती एक प्रत आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये ज्या शहराने त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभारले आणि ज्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखिते जपलेली आहेत, तेथे या वहीची साधी झेरॉक्सही नसावी, याची मला रुखरुख लागली.

आता तक्रार. मंडळाने सोबत आणलेल्या माईकवर इतका एको लावलेला होता की अहिराणी शब्द एकमेकांत मिसळून जात होते. शिवाय पेटी काळी चारमध्ये, म्हणजे उंच पट्टीत धरल्याने अंतरा वर चढला की वयस्कर बायका गप्प होत आणि टाळ तेवढे वाजत राहत. असा पहिला तास गेला. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी असल्याने माईक बंद करावा लागला आणि खरे जागरण तेथून सुरू झाले. काकूंनी पेटीवाल्या ताईंना हाताने खूण करून पट्टी खाली पांढरी चारवर आणली, ढोलकी धुमाळीच्या ठेक्यात रुळली आणि समोरच्या ओळीतील एका बाईंना काकू म्हणाल्या, "आते तू म्हन, मी दम लेस" (आता तू म्हण, मी दम घेते). त्यानंतर जवळजवळ प्रत्येक गाणे वेगळ्या बाईने उचलले. स्वयंपाकघरातून आमच्या मोठ्या जाऊबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या आणि दोन गाणी त्यांनीही उचलली.

मंडळ ठरावीक रक्कम मागत नाही. जे पाकीट मिळेल ते ढोलकीची पाने बदलण्यासाठी आणि टाळांसाठी वापरले जाते. रोट भाऊबंदांबाहेर देता येत नाही, त्यामुळे ज्यांनी रात्र जागवली त्यांना पोहे आणि चहावर पाठवताना मला संकोच वाटला. काकूंना मात्र त्याचे काहीच वाटले नाही, कारण त्यांच्या घरीही तीच रीत आहे. रात्री घरी सोडण्यासाठी गाडीची सोय आपल्याला करावी लागते, हे बोलावण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

सोमवारी पांझरेवर विसर्जनाला जाताना काकू भेटल्या, तेव्हा पुढच्या वर्षासाठी पहिल्या घराचा मान आमचा ठरवून घेतला आणि माईक आणू नका, असेही सांगून ठेवले.