काळा घोडा येथील वारली चित्रांचे प्रदर्शन आणि विक्री

चादरी, कप आणि सोसायट्यांच्या कुंपणभिंतींवर फेर धरलेल्या त्रिकोणी आकृत्या पाहून ज्यांना वारली चित्रकला पुरेशी परिचयाची वाटते, त्यांनी मुंबईच्या काळा घोडा परिसरातील एका लहान कलादालनात सध्या भरलेले प्रदर्शन अवश्य पाहावे. डहाणू, तलासरी, जव्हार या पट्ट्यातील चित्रकारांची ही चित्रे शेणाने सारवलेल्या कापडावर, तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने काढलेली आहेत. जवळ गेल्यावर शेणातील गवताचे तंतू दिसतात आणि काडी पुन्हा पिठात बुडवली तिथे रेघ किंचित जाड झालेली कळते. पोस्टर कलरमध्ये ही गंमत नाही.

सर्वांत सरस चित्र लग्नचौकाचे आहे. वारल्यांच्या लग्नघरात सवाशिणी कुडाच्या भिंतीवर हा चौक, म्हणजे चौकोनी देवचित्र, लिहितात. इथेही मध्यभागी पालघट ही सृजनाची देवी आहे, शेजारच्या लहान चौकटीत घोड्यावरचा पंचशिऱ्या देव आहे आणि चौकाबाहेर ताडावर चढणारा माणूस, तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणारा, भाताची खाचरे व वारूळ असा सगळा मुलूख आहे. या चित्रांत निसर्ग माणसामागचा देखावा म्हणून येत नाही. झाडाला माणसाहून अधिक जागा मिळते आणि ज्या तांदळावर घर जगते, तोच देवीला आकार देतो. विमाने आणि उंच इमारती घातलेली चित्रे मात्र मला नुसतीच गजबजलेली वाटली.

सत्तरच्या दशकात ही कला कागदावर आली, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ती जगभर पोहोचली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, एवढी माहिती दालनातील फलकावर आहे. परंतु मुळात बायकांच्या हातची असलेली ही कला कागदावर येताच पुरुषांकडे कशी गेली, याविषयी तिथे चकार शब्द नाही आणि मांडलेल्या चित्रांतही चित्रकार स्त्रियांची नावे फार थोडी आहेत. चित्राखाली किंमत ठळक, पाड्याचे नाव मात्र नाही, हेही खटकते.

मांडणीतील मोठा दोष काचेचा आहे. समोरच्या दिव्यांची तिरीप तिच्यावर पडून बारीक ठिपके दिसेनासे होतात. विकत घ्यायचे असल्यास चौकटीविना गुंडाळून ठेवलेली कापडे दाखवायला सांगावीत, कारण ती तुलनेने स्वस्त आहेत आणि त्यांतील काही भिंतीवरच्या चित्रांहून चांगली आहेत.