वाक्यावरून रासायनिक समीकरण: चार ओळींची पद्धत, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

रसायनशास्त्र पुन्हा हाती घेतलं तेव्हा मला एवढंच हवं होतं: ‘झिंकवर विरल सल्फ्युरिक आम्ल टाकल्यास झिंक सल्फेट तयार होते व हायड्रोजन वायू बाहेर पडतो’ असं वाक्य वाचलं की न अडखळता समीकरण लिहिता यावं. त्यासाठी चार ओळींची पद्धत धरली आणि अजून तीच वापरतो आहे. पहिल्या ओळीत नुसती नावं, म्हणजे शाब्दिक समीकरण. दुसरीत रेणुसूत्रं. तिसरीत संतुलन, म्हणजे बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे करणं. चौथीत प्रत्येक पदार्थ स्थायू, द्रव, वायू की जलीय द्रावण ते. शाळेत हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण सोप्या अभिक्रियेलाही चारही ओळी लिहायच्या, एकही गाळायची नाही, हा नियम पाळला तरच तिचा खरा उपयोग कळतो.

सगळ्यात जास्त फायदा पहिल्या ओळीचा झाला. लोक संतुलनाला घाबरतात, पण अवघड काम त्याच्या आधीचं, वाक्य वाचण्याचं आहे. वर्णनात निम्मे पदार्थ नावाने येतच नाहीत. ‘मॅग्नेशिअमची फीत हवेत जळते’ यात ऑक्सिजन शोधावा लागतो. ‘तप्त लोखंडावरून वाफ सोडली’ म्हटलं की पाणी अभिकारक, म्हणजे अभिक्रियेत भाग घेणारा पदार्थ, झालं. ‘तापवल्यास’ हा मात्र पदार्थ नव्हे, ती उष्णता बाणाच्या डोक्यावर जाते. ‘चुन्याची निवळी दुधाळ झाली’ या चार शब्दांत कार्बन डायऑक्साइड आत गेला, न विरघळणारं कॅल्शिअम कार्बोनेट बाहेर आलं आणि सोबत पाणी तयार झालं, एवढं सगळं आहे. पुढे ‘वायू जास्त प्रमाणात सोडल्यावर द्रावण पुन्हा स्वच्छ झालं’ असं असेल तर ती वेगळी अभिक्रिया: कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट झालं. मी आता असे शब्द आधी अधोरेखित करतो, मगच पेन बाणाकडे नेतो.

दुसरी ओळ पाठांतराशिवाय जमत नाही, हे स्पष्टच सांगायला हवं. नायट्रेट, सल्फेट, कार्बोनेट, फॉस्फेट, अमोनिअम यांचे प्रभार तोंडपाठ नसतील तर ही पद्धत काहीच कामाची नाही. मी अशा प्रभारित कणांची, म्हणजे आयनांची, कार्डं करून ठेवली आणि ती आधी पक्की केली. ॲल्युमिनिअमचा प्रभार अधिक ३, सल्फेटचा उणे २, म्हणून ॲल्युमिनिअम सल्फेटमध्ये २ ॲल्युमिनिअम आणि ३ सल्फेट. एवढं झटकन आलं की त्यात बेरिअम क्लोराइड मिसळल्याचं समीकरण आपोआप उलगडतं: बेरिअम क्लोराइडचे ३ रेणू लागतात, बेरिअम सल्फेटचे ३ मिळतात, ॲल्युमिनिअम क्लोराइडचे २. वाक्यात ‘पांढरा अवक्षेप’ (द्रावणातून वेगळा होणारा न विरघळणारा पदार्थ) असेल तर चौथ्या ओळीत बेरिअम सल्फेटपुढे स्थायू. लोखंडाच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं. हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर फेरस क्लोराइड (लोखंडाचा प्रभार अधिक २) होतं, क्लोरीन वायूत तापवलं तर फेरिक (अधिक ३).

तिसऱ्या ओळीबद्दल फार लिहीत नाही. सूत्राच्या आतला आकडा बदलायचा नाही, फक्त सूत्राच्या आधी लिहिलेला आकडा, म्हणजे सहगुणक, बदलायचा. पाण्याच्या सूत्रात एक ऑक्सिजन वाढवला तर ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. समीकरण जुळेल, पण पदार्थच दुसरा होईल.

उणीव एकच, पण मोठी. उत्पादितं, म्हणजे तयार होणारे पदार्थ, कोणती हे ही पद्धत सांगत नाही. वर्णनात ती दिलेली असतील तर ठीक. नसतील तर रसायनशास्त्र माहीत असावं लागतं. माझ्या मते यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण तांबं आणि नायट्रिक आम्ल. ‘संहत’ (पाणी कमी असलेलं, तीव्र) म्हटलं तर तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड येतो आणि तांब्याच्या एका अणूला आम्लाचे ४ रेणू लागतात. ‘विरल’ म्हटलं की मुख्यतः रंगहीन नायट्रिक ऑक्साइड. एका विशेषणाने सगळं समीकरण बदलतं. विरल आम्लाचं समीकरण तिसऱ्या ओळीत नुसतं चाचपडत जुळवणं फार वेळखाऊ आहे, म्हणून अशा अभिक्रियांसाठी मी मध्ये एक ओळ वाढवली आहे, इलेक्ट्रॉनच्या हिशोबाची. तांब्याचा अणू २ इलेक्ट्रॉन देतो, आम्लातला नायट्रोजन अधिक ५ या ऑक्सिडीकरण अवस्थेवरून नायट्रिक ऑक्साइडमधल्या अधिक २ वर येताना ३ घेतो, म्हणून तांब्याचे ३ अणू आणि नायट्रिक ऑक्साइडचे २ रेणू. कॉपर नायट्रेटच्या ३ रेणूंसाठी आणखी ६ नायट्रेट लागतात, म्हणजे आम्ल एकूण ८ रेणू, आणि त्यांच्या ८ हायड्रोजनमधून पाण्याचे ४ रेणू.