रोजचं राशिभविष्य: सायन रास धरायची की निरयन?

५ एप्रिलला नागपुरात जन्मलेल्याची सूर्यरास (जन्मवेळी सूर्य ज्या राशीत ती) सायन पद्धतीने मेष, निरयन पद्धतीने मीन. सायन राशी वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो त्या बिंदूपासून) मोजतात, निरयन स्थिर ताऱ्यांपासून. संपात ७२ वर्षांत सुमारे १ अंश मागे सरकतो. चित्रापक्षाच्या, म्हणजे चित्रा तारा प्रमाण धरणाऱ्या पद्धतीच्या, हिशेबाने दोन्हींतलं अंतर, म्हणजे अयनांश, आज २४ अंशांच्या थोडं वर आहे. त्यामुळे सूर्याचा मेषप्रवेश सायनात २०-२१ मार्चला, निरयनात १४ एप्रिलच्या सुमारास.

खरा घोळ पुढेच होतो. परदेशी ॲप बहुधा सायन सूर्यरास देतं. मराठी राशिभविष्य सहसा निरयन चंद्रराशीचं असतं. एकाची रास घेऊन दुसऱ्याचं भविष्य वाचलं की दोन्ही वाया. चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो, म्हणून रोजच्यासाठी आम्ही निरयन चंद्ररासच धरायला सांगू. पंचांगातलं नक्षत्रही तिच्याशीच जुळतं. ऋतूंशी नातं हवं असेल तर सायन चोख.

ॲपमध्ये अयनांश ‘लाहिरी’ (म्हणजे चित्रापक्षाचा) निवडा. टिळक पंचांगाचा अयनांश सुमारे ४ अंशांनी कमी आहे, त्यामुळे राशीच्या सीमेवरचा चंद्र तिथे वेगळ्या राशीत दिसू शकतो. जन्मस्थळ नागपूरच टाका. मुंबई राहिलं तर चंद्ररास तीच राहते, पण स्थानिक वेळेत २५ मिनिटांचा फरक पडून लग्न (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशिचक्राचा बिंदू) साधारण ६ अंश हलतं.